ग्राफ आपला, अक्ष कुणाचा?

मंडळी, एक साधा प्रश्न विचारते. फर्स्ट इयरला ग्राफ पेपरवर ग्राफ काढताना उजव्या कोपऱ्यात आपण काय लिहायचो? 'प्रमाण : एक्स अक्ष, १ सेंमी = १० सेकंद. वाय अक्ष, १ सेंमी = ०.५ व्होल्ट.' ते लिहिलेलं नसेल तर जर्नलवर सही मिळणं कठीण! त्या दोन ओळींचा तेव्हा भारी कंटाळा यायचा, पण त्यांच्यामागे खरं तर बराच विचार असायचा. सगळ्यात लहान रीडिंग किती? सगळ्यात मोठं किती? कागद पुरेल का? १ सेंमीला ३ व्होल्ट घेतले तर मधले पॉइंट मांडताना जीव जाईल, मग २ घेऊ की ५? आणि शून्यापासून सुरू करायचं नसेल तर ओरिजिनजवळ ती छोटी नागमोडी खूण करायची. मी कॉन्व्हेंटची, आम्ही तिला 'किंक' म्हणायचो. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या रूममेटने सांगितलं की त्यांच्या पुस्तकात तिला 'अक्षसंकोच' म्हणतात. किती नेमका शब्द आहे, नाही?

आता आपण पायथॉनमध्ये 'प्लॉट' अशी एक ओळ लिहितो आणि ग्राफ समोर हजर! कोपऱ्यातलं प्रमाण गेलं आणि त्यामागचा विचारही गेला. पण अक्ष कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा, हे कुणीतरी ठरवतंच ना? आपण ठरवत नाही म्हणजे लायब्ररी ठरवते. ती हे कसं ठरवते, कुठे तिचं बरोबर असतं आणि कुठे तिच्या हातून सूत्रं आपल्याकडे घ्यायची, एवढंच या लेखात सांगायचं आहे. उदाहरण म्हणून आपल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर असलेली मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी घेते. कमांडची नावं देवनागरीतच लिहिते आहे, लॅबमध्ये आपण ती तोंडाने जशी म्हणतो तशीच.

मुळात ही लायब्ररी आली कुठून?

मॅटप्लॉटलिब सुरू केली जॉन हंटर यांनी. ते काही कॉम्प्युटर इंजिनिअर नव्हते. ते मेंदूवर संशोधन करणारे न्यूरोबायोलॉजिस्ट. एपिलेप्सीच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत सिग्नल त्यांना स्क्रीनवर बघायचे होते. आधी ते मॅटलॅब वापरायचे, मग त्यांनी पायथॉनमध्येच तशी सोय करायला घेतली आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब बाहेर आली. २०१२ मध्ये हंटर वारले, पण लायब्ररी जगभरच्या लोकांनी पुढे चालवली. हे मुद्दाम सांगितलं, कारण ज्या माणसाला रोज नवीन रुग्णाचा नवीन डेटा बघायचा आहे, त्याने प्रत्येक वेळी हाताने अक्ष ठरवत बसायचं का? अक्ष आपोआप ठरण्याची सोय त्यासाठीच असते. डेटा पहिल्यांदा बघताना ती फारच उपयोगी आहे. तक्रार तिच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती पहिल्या नजरेसाठी असलेला ग्राफ तसाच्या तसा रिपोर्टमध्ये चिकटवण्याबद्दल.

लायब्ररी काय गणित करते?

गणित अगदी सोपं आहे. लायब्ररी दोन चौकटी लक्षात ठेवते. पहिली डेटाची चौकट, म्हणजे सगळ्या पॉइंटांमधलं किमान आणि कमाल. दुसरी दिसण्याची चौकट, म्हणजे प्रत्यक्ष अक्षावर काय दाखवायचं ते. पहिल्या चौकटीवरून दुसरी काढताना ती डेटाच्या एकूण पसाऱ्याच्या ५ टक्के जागा दोन्ही बाजूंना सोडते. समजा रीडिंग २० ते ८० आहेत. पसारा ६०, त्याचे ५ टक्के ३. म्हणून अक्ष १७ ते ८३. झालं!

पूर्वी असं नव्हतं. जानेवारी २०१७ मध्ये मॅटप्लॉटलिबचं २.० व्हर्जन आलं, त्याआधी अक्ष जवळच्या गोल आकड्यापर्यंत नेला जायचा. म्हणजे वरचाच डेटा २० ते ८० असा कडेला टेकून यायचा आणि पहिला व शेवटचा पॉइंट चौकटीच्या रेषेवर अर्धा कापला जायचा. लायब्ररीतले जुने प्रोजेक्ट रिपोर्ट काढून बघा, फरक लगेच दिसेल.

ही मार्जिन 'मार्जिन्स' या कमांडने कमीजास्त करता येते. लॉग अक्ष असेल तर ती लॉगमध्ये मोजली जाते, हेही ध्यानात असू द्या. अ‍ॅम्प्लिफायरचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ काढला, तर मधे तीन डेकेड आहेत. तीनचे ५ टक्के म्हणजे ०.१५ डेकेड. म्हणून अक्ष साधारण १४ हर्ट्झपासून २८ किलोहर्ट्झपर्यंत जातो. हा २८ चा आकडा कुठून आला असं वायवात विचारलं तर आता उत्तर देता येईल!

एक अपवाद आहे. बार ग्राफमध्ये बारचा पाया शून्यावर असतो. तिथे मार्जिन सोडली तर सगळे बार हवेत तरंगताना दिसतील. म्हणून बारच्या पायाला लायब्ररी 'चिकट कड' मानते आणि त्या बाजूला मार्जिन सोडत नाही.

अक्षावरच्या खुणा, म्हणजे टिक, हा वेगळा हिशोब आहे. तिथे लायब्ररी १, २, २.५, ५ आणि १० यांच्या पटीतलं अंतर शोधते. म्हणजे ग्राफ पेपरवर आपण '३ नको, २ किंवा ५ घे' म्हणायचो, तेच शहाणपण इथे कोडमध्ये उतरलेलं आहे.

प्रत्येक सॉफ्टवेअरचा नियम मात्र वेगळा. मॅटलॅब आणि ग्नूप्लॉट सहसा अक्ष पुढच्या टिकपर्यंत ओढतात. एक्सेलचा नियम आणखी गमतीदार आहे. आकडे पॉझिटिव्ह असतील आणि कमाल व किमान यांतला फरक कमालच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त असेल, तर एक्सेल वाय अक्ष शून्यापासून सुरू करतं. फरक त्याहून कमी असेल तर शून्य सोडून देतं. म्हणजे तुमच्या पार्टनरने एक्सेलमध्ये आणि तुम्ही पायथॉनमध्ये एकाच रीडिंगचा ग्राफ काढलात, तर दोन ग्राफ वेगळे दिसू शकतात आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोललेलं नसतं!

आता ही आपोआप यंत्रणा कुठे कुठे गोत्यात आणते ते पाहू.

१. राईचा पर्वत

७८०५ हा रेग्युलेटर आपल्या सगळ्यांचा जुना मित्र. त्याचं काम एकच, आउटपुटला ५ व्होल्ट देणं. समजा लोड बदलत रीडिंग घेतली आणि ती ५.००१ ते ५.००४ व्होल्ट आली. म्हणजे रेग्युलेटर उत्तम चालतो आहे. पण हा डेटा प्लॉट केला की काय दिसतं? सह्याद्रीच्या रांगा! कारण लायब्ररीने त्या ३ मिलिव्होल्टच्या फरकाला सगळी उंची दिली. त्या डोंगरांपैकी बराच भाग तर आपल्या मल्टिमीटरच्या शेवटच्या आकड्याची थरथर असते. पण बघणाऱ्याला वाटतं, बापरे, हे आउटपुट किती वरखाली होतंय!

मग काय करायचं? शून्यापासून सुरू करायचं का? तो एक पर्याय आहे, पण माझ्या मते याहून चांगला पर्याय म्हणजे डेटाशीट उघडायची. ७८०५ चं आउटपुट ४.७५ ते ५.२५ च्या आत असलं पाहिजे असं तिथे दिलेलं असतं. तेच आकडे 'सेट वायलिम' मध्ये टाका. आता ग्राफ एका प्रश्नाचं उत्तर देतो : आउटपुट मर्यादेत आहे का? हो, अगदी मधोमध आहे. आणि तुम्हाला लोड रेग्युलेशनच दाखवायचं असेल, म्हणजे तो ३ मिलिव्होल्टचा फरकच तुमचा विषय असेल, तर आपोआप आलेला ग्राफच बरोबर आहे! फक्त शेजारी एक वाक्य लिहा की पूर्ण उंची एवढ्या एवढ्या मिलिव्होल्टची आहे.

याच प्रकारातली आणखी एक गोष्ट. समजा रीडिंग २३०.०१२ ते २३०.०१८ अशी आहेत. तर लायब्ररी टिकवर ०.००२, ०.००३ असे छोटे आकडे लिहिते आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात अधिक चिन्ह लावून २३०.०१ हा सारखा भाग घातांकाच्या रूपात लिहून ठेवते. झेरॉक्समध्ये तो कोपरा पुसट झाला, की मेन्सचा व्होल्टेज ३ मिलिव्होल्ट झाला म्हणून समजा! 'टिकलेबल फॉर्मॅट' मध्ये 'यूज ऑफसेट' बंद केलं की पूर्ण आकडे दिसतात.

आणि सगळीच रीडिंग सारखी असतील तर? ५, ५, ५ दिलं तर पसारा शून्य, शून्याचे ५ टक्के शून्य, मग अक्ष काढायचा कसा? तेव्हा लायब्ररी आधी त्या आकड्याच्याच ५ टक्के वर आणि खाली जाते, म्हणजे ४.७५ ते ५.२५, आणि त्यावर नेहमीची मार्जिन लावते. शेवटी अक्ष येतो ४.७२५ ते ५.२७५. गंमत बघा, अगदी न हलणारा डेटा शांत सरळ रेषा दिसतो आणि ३ मिलिव्होल्ट हलणारा डेटा मात्र डोंगर दिसतो!

२. एक नासका आंबा

आता उलटं उदाहरण. तापमान मोजायला आपण डीएस१८बी२० हा सेन्सर सर्रास वापरतो. त्याची वायर ढिली झाली, की आर्डुइनोवरची त्याची नेहमीची लायब्ररी -१२७ हा आकडा परत देते. हे तापमान नाही, 'सेन्सर सापडत नाही' असा निरोप आहे. समजा दिवसभराची रीडिंग २७ ते ३४ अंश आहेत आणि मधे एकदाच -१२७ आलं. पसारा झाला १६१. अक्ष गेला साधारण -१३५ ते ४२. तुमच्या दिवसभराच्या ७ अंशांच्या चढउताराला ग्राफच्या उंचीतले जेमतेम ४ टक्के मिळाले. सकाळ, दुपार, रात्र सगळं एका सपाट रेषेत!

इथे पटकन हात जातो 'सेट वायलिम' कडे. २५ ते ३६ लावलं की ग्राफ सुंदर दिसतो. पण थांबा. तो -१२७ अजून डेटातच आहे, फक्त चौकटीबाहेर ढकललाय. पुढे सरासरी काढाल तेव्हा तो तिथे हजर असेल. म्हणून मला वाटतं, अशा वेळी आपोआप ठरलेला विचित्र अक्ष हा आपला वॉचमन आहे. तो ओरडून सांगतोय की आत कुणीतरी नको तो शिरलाय. आधी त्याला शोधा. तो चुकीचा निरोप आहे अशी खात्री झाली की त्या जागी 'नॅन', म्हणजे 'आकडा नाही', हे मूल्य ठेवा. अक्ष ठरवताना लायब्ररी नॅन मोजत नाही, रेषा तिथे तुटते, आणि बघणाऱ्याला कळतं की इथे रीडिंग मिळालं नव्हतं. ग्राफखाली एक ओळ लिहिली की काम प्रामाणिक झालं.

याच सेन्सरचा दुसरा आकडा जास्त लबाड आहे. सप्लाय नुकताच चालू झाला असेल आणि मोजमाप अजून पूर्ण झालं नसेल, तर तो ८५ अंश दाखवतो. सेन्सरची रेंज -५५ ते १२५, म्हणजे ८५ हे खरं तापमानही असू शकतं! तिथे अक्षाचा विचित्रपणा कमी असतो, म्हणून डोळे जास्त उघडे ठेवावे लागतात.

३. एकदा हात लावला की ऑटो बंद

बहुतेकांना छळणारी गोष्ट ही आहे. आपण लाइव्ह ग्राफ करतो, सेन्सरकडून नवीन आकडे येतात, आपण 'सेट डेटा' ने रेषा बदलतो, आणि रेषा चौकटीतून बाहेर निघून जाते. अक्ष ढिम्म! असं का? कारण 'सेट डेटा' फक्त रेषेतले आकडे बदलतं. डेटाची चौकट नव्याने मोजायला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यासाठी दोन ओळी लागतात. 'रीलिम' म्हणजे डेटाची चौकट पुन्हा मोज. 'ऑटोस्केल व्ह्यू' म्हणजे त्यावरून दिसण्याची चौकट पुन्हा लाव. याच क्रमाने! अ‍ॅनिमेशनमध्ये वेगासाठी 'ब्लिट' चालू केलं असेल तर आणखी एक अडचण असते. तिथे फक्त रेषाच पुन्हा रंगवली जाते, अक्षावरचे आकडे जुनेच राहतात, आणि नवीन रेषा जुन्या आकड्यांवर वाचली जाते.

दुसरी गोष्ट. ऑटो हे एक स्विच आहे असं समजा. 'सेट वायलिम' वापरलं की त्या अक्षाचं स्विच बंद होतं. मग कितीही 'रीलिम' करा, अक्ष हलणार नाही. पुन्हा चालू करायला 'ऑटोस्केल' ला 'ट्रू' द्यावं लागतं. फक्त खालची बाजू शून्य करायची म्हणून डेटा प्लॉट करण्याआधीच 'बॉटम बरोबर शून्य' लिहिलं, तर पूर्ण वाय अक्षाचं स्विच बंद होतं आणि वरची बाजू रिकाम्या ग्राफच्या १ वर अडकून राहते. ५० च्या घरातला डेटा मग दिसतच नाही. म्हणून सूत्र लक्षात ठेवा : आधी डेटा, मग लिमिट.

तिसरी गोष्ट मोटरवाल्यांसाठी. इंडक्शन मोटर थेट सप्लायवर चालू केली की सुरुवातीचा करंट रेटेड करंटच्या ५ ते ७ पट जातो. नंतर तो उतरतो. आता आपल्याला नंतरचा, स्थिर भाग बघायचा आहे म्हणून एक्स अक्ष १० ते २० सेकंदांवर आणला. वाय अक्ष आपोआप त्या भागाला फिट होईल? नाही! लायब्ररी वाय अक्ष पूर्ण डेटावरून ठरवते, दिसणाऱ्या तुकड्यावरून नाही. त्या न दिसणाऱ्या सुरुवातीच्या शिखरासाठी वर जागा रिकामीच राहते. १० ते २० सेकंदांमधला डेटा वेगळा काढून त्याचंच किमान आणि कमाल काढावं लागतं. दोन ओळींचं काम आहे, पण ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आणि लाइव्ह ग्राफचा अक्ष प्रत्येक नवीन आकड्याला नाचत असेल तर बघणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यावर एक साधा उपाय आहे. अक्ष फक्त मोठा होऊ द्यायचा, लहान होऊ द्यायचा नाही. आतापर्यंतचं किमान आणि कमाल जपून ठेवायचं, बस्स.

४. दोन ग्राफ शेजारी शेजारी

समजा हॉस्टेलच्या दोन विंगच्या विजेचा वापर शेजारी शेजारी दाखवायचा आहे. एका विंगचा महिन्याचा वापर ४०० युनिटच्या आसपास, दुसरीचा ४००० च्या आसपास. दोन वेगळ्या चौकटींत प्लॉट केलं की प्रत्येक चौकट आपापला अक्ष ठरवते आणि दोन्ही रेषा सारख्याच उंच दिसतात. मीटिंगमध्ये मागच्या बाकावरून बघणाऱ्या रेक्टर सरांना अक्षावरचे आकडे दिसणार आहेत का? त्यांना रेषाच दिसणार. 'सबप्लॉट्स' करताना 'शेअर वाय' ला 'ट्रू' दिलं की दोन्ही चौकटी एकच वाय अक्ष वापरतात. तुलना करायची असेल तर तराजू एकच हवा, हे तर आपल्या किराणावाल्यालाही माहीत आहे!

मग नेहमी शून्यापासूनच सुरू करावं का? हा प्रश्न वायवात हमखास येतो. बार ग्राफ असेल तर हो, कारण तिथे डोळा बारची लांबी मोजतो, आणि बार खालून कापला तर लांबी खोटी होते. रेषेच्या ग्राफमध्ये डोळा चढ आणि उतार बघतो, तिथे शून्याची सक्ती नाही. शिवाय सेल्सियसचं शून्य म्हणजे काही 'तापमान नाही' असा अर्थ नाही. मग शरीराच्या तापाचा ग्राफ शून्यापासून काढून काय मिळणार? ताप आलेला माणूस आणि बरा माणूस दोघेही सारखेच दिसतील.

अक्ष जिथे डेटाच्या बाहेर जायला हवा होता

आतापर्यंतची उदाहरणं जर्नल आणि प्रोजेक्टची होती. शेवटचं उदाहरण मात्र जिवावर बेतलेलं आहे.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि त्यातले सातही जण गेले. कारण होतं उजव्या रॉकेट बूस्टरच्या सांध्यातलं रबरी ओ-रिंगचं सील. थंडीत रबर कडक होतं आणि सांधा वेळेत बंद करू शकत नाही. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत नेमकी हीच भीती बोलून दाखवली होती. तरीही उड्डाण झालं.

नंतर चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने आधीच्या उड्डाणांचं तापमान आणि ओ-रिंगचं नुकसान यांचा ग्राफ छापला. फक्त नुकसान झालेली उड्डाणं मांडली तर तापमानाशी काही संबंध दिसत नाही. सगळी उड्डाणं मांडली की चित्र बदलतं. सुमारे १९ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमानाला झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये नुकसान होतं, आणि सुमारे १७ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत होतं.

आता आपल्या विषयाकडे या. आधीच्या उड्डाणांचं तापमान सुमारे १२ ते २७ अंश होतं. हा डेटा आज मॅटप्लॉटलिबला दिला, तर एक्स अक्ष आपोआप येईल साधारण ११ ते २८. अगदी नेटका, सगळे पॉइंट चौकटीत, दोन्ही बाजूंना ५ टक्के जागा. आणि उड्डाणाच्या सकाळी हवेचं तापमान किती होतं? सुमारे २ अंश! म्हणजे ज्या तापमानाबद्दल सगळा वाद चालला होता, ते तापमान या अक्षावर नाहीच. ते चौकटीच्या डावीकडे, कागदाच्या कोऱ्या भागात कुठेतरी. एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ मध्ये आपल्या पुस्तकात हा ग्राफ पुन्हा काढला, तेव्हा त्यांनी अक्ष मुद्दाम डावीकडे थेट त्या दिवशीच्या थंडीच्या अंदाजापर्यंत नेला. मग जे दिसतं ते अंगावर येतं : मधे मोठी रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेच्याही पलीकडे आपण माणसं पाठवायला निघालोय.

एका ग्राफने तो निर्णय बदलला असता असं मी म्हणत नाही. त्या रात्री वेळेचं आणि वरिष्ठांचं दडपण होतं, आणि समोर असा ग्राफ कुणी मांडलेलाही नव्हता. पण यातून एक गोष्ट मला स्वच्छ कळते. ऑटो अक्ष 'डेटा कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर देतो. 'मला काय विचारायचं आहे' हे त्याला माहीत नसतं, आणि माहीत असणं शक्यही नाही. ७८०५ ची मर्यादा डेटात नसते, डेटाशीटमध्ये असते. उद्याचं तापमान डेटात नसतं, उद्यात असतं. ते अक्षावर आणायचं काम इंजिनिअरचं.

म्हणून ग्राफ सेव्ह करण्याआधी मी स्वतःला चार प्रश्न विचारते. वाटल्यास टेबलासमोर चिकटवून ठेवा.

अक्षाची दोन्ही टोकं किती आहेत, आणि ती तिथेच का आहेत?
ज्या मर्यादेशी किंवा ज्या परिस्थितीशी तुलना करायची आहे, ती अक्षावर दिसते आहे का?
चौकटीबाहेर एखादा पॉइंट राहिला आहे का, आणि राहिला असेल तर ते खाली लिहिलं आहे का?
शेजारच्या ग्राफचा तराजू हाच आहे का?

याला मिनिटभरही लागत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता, मेसचा चहा संपलेला असताना, हे मिनिटही जड वाटतं, कबूल! पण एक्स्टर्नल सरांनी ग्राफवर बोट ठेवून 'हा अक्ष इथूनच का सुरू केला?' असं विचारलं, तर 'सर, ते आपोआप आलं' यापेक्षा बरं उत्तर आपल्याकडे असायला हवं. ग्राफखाली नाव आपलं असतं, लायब्ररीचं नाही.